पाठवणीची वाट

हुमेन्नेच्या स्टेशनावर प्रवाशाची पहिली भेट होते ती श्वेइकशी. यारोस्लाव हाशेकच्या कादंबरीतला हा भोळसट की बेरकी ते शेवटपर्यंत न कळणारा शिपाई पहिल्या महायुद्धात आघाडीकडे जाताना या गावावरून जातो, एवढ्या नात्यावर गावाने त्याचा पुतळा उभारला आहे. पूर्व स्लोव्हाकियातलं, लाबोरेत्स नदीकाठचं हे गाव. एका अंगाला जुना गढीवजा वाडा आणि जुन्या लाकडी घरांचं संग्रहालय, दुसऱ्या अंगाला साम्यवादी काळातल्या एकसारख्या चौकोनी इमारती. जो प्रवासी कधी जन्मलाच नाही त्याची आठवण गावाने दर्शनी ठेवली आहे. मार्च १९४२ मध्ये याच स्टेशनावरून ज्या खरोखर गेल्या, त्या मुलींसाठी मात्र वाट वाकडी करावी लागते. हुमेन्ने, प्रेशोव आणि आसपासच्या खेड्यांतल्या सुमारे हजार अविवाहित ज्यू मुलींना पोप्राड इथे गोळा करून २५ मार्चच्या रात्री गुरांच्या डब्यांत भरलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्या आउश्वित्झला पोहोचल्या. नाझी अधिकारी आइखमानच्या कचेरीने त्या छावणीत धाडलेली ज्यूंची ही पहिली गाडी. हेदर ड्यून मॅकॅडम यांनी या मुलींवर आधी पुस्तक लिहिलं, मग ‘९९९: द फरगॉटन गर्ल्स’ हा माहितीपट केला. मी वाट धरली आहे ती त्याच गाडीची, आणि वाटेवर मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: अशा माहितीपटांत गाव, घर, आईचा स्वयंपाक, शेजारपाजार यांवर म्हातारी साक्षीदार जे बोलत राहते आणि प्रेक्षक ज्याला प्रस्तावना समजून चुळबुळतो, तोच खटल्यातला मुख्य पुरावा असतो. छावणीचं फाटक फार पुढे येतं. त्याआधी घराच्या उंबऱ्यावर बरंच काही घडून गेलेलं असतं.

उंबरा हा शब्द इथे शोभतो. युरोपातल्या अनेक देशांत लोक रस्त्यावरचे बूट घालून बैठकीत येतात. स्लोव्हाक घरात तसं केलं तर घरधनिणीच्या कपाळाला आठी पडते. दाराशी बूट काढायचे, पाहुण्यासाठी ठेवलेल्या सपाता पायांत सरकवायच्या, ही रीत मराठी माणसाला लगेच आपली वाटते. आपल्याकडे अनवाणी आत जातात, इथे थंडीपायी सपाता, एवढाच फरक. दुकानात किंवा रेल्वेच्या डब्यात शिरताना अनोळखी माणसांनाही ‘दोब्री देन्य’ म्हणायचं, उतरताना निरोप घ्यायचा. एरवी माणसं अबोल; आपल्या गाडीत पहिल्या तासात होणारी गाव-आडनाव-नोकरीची चौकशी इथे नाही, पण नमस्कार चुकत नाही. जेवणात पिरोही येतात: आकार थेट करंजीचा, पण उकडलेल्या, पोटात बटाटा किंवा मेंढीच्या दुधाचं खारट चीज, वर आंबट साय. गोडाला खसखशीचं दाट सारण गुंडाळलेला रोल. १९४२ पूर्वी याच गल्ल्यांत शुक्रवारी संध्याकाळी ज्यू घरांत वेणी घातलेला पाव निघायचा. कोकणातल्या बेने इस्रायलींना शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हटलं, कारण त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. विश्रांतीचा वार वेगळा, एवढीच शेजारी म्हणून असलेली ओळख हुमेन्नेतही पुरेशी होती. ती ओळख मग कायद्याने पुसली. मार्च १९३९ मध्ये जर्मनीच्या आश्रयाने स्लोव्हाक राज्य उभं राहिलं. राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू. सप्टेंबर १९४१ मध्ये २७० कलमांची ज्यू संहिता आली. दुकानं आधीच दुसऱ्यांच्या नावावर होऊ लागली होती, मुलांच्या शाळा सुटल्या होत्या. आणि मार्च १९४२ मध्ये गावोगाव ढोल बडवत दवंडी फिरली, की सोळा वर्षांवरच्या लग्न न झालेल्या ज्यू मुलींनी नोंदणीसाठी हजर व्हावं.

दवंडी म्हटलं की मराठी वाचकाला पाणीपट्टी आठवते, जत्रा आठवते. ती सरकारचा आवाज असते, पण ओळखीच्या माणसाच्या गळ्यातून येते. म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. मुलींना सांगितलं गेलं, की काही महिने कारखान्यात काम करायचं आणि परत यायचं. हुमेन्नेची एडिथ तेव्हा सतरा वर्षांची, तिची बहीण लेआ एकोणीस. दोघी गेल्या. घरोघरी मुलींनी धड कपडे, चांगले बूट घेतले. आयांनी शिदोरी बांधून दिली. हुकूम मोडला तर आईवडिलांवर बालंट येईल ही भीती होतीच, पण भीतीइतकंच वळणही कामी आलं. चांगल्या घरातली मुलगी सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी हजर राहते. सगळी योजना या एका गृहीतावर उभी होती. मुलींचा छळ म्हणून जे सांगायचं ते इथून सुरू होतं: त्यांच्या चांगुलपणाचा सरकारी कामासाठी वापर झाला. हे छावणीच्या चित्रांतून दिसत नाही. ते दिसतं घर, संस्कार, शेजारी पोलिसाचं नाव, आईने डब्यात काय दिलं याच्या तपशिलातून. साक्ष देणारी बाई तिथे रेंगाळते ते विषयांतर करण्यासाठी नव्हे.

प्रेशोव हे त्या मानाने ऐसपैस शहर. मुख्य रस्ता दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला, एखाद्या भिंगासारखा. मधोमध उंच चर्च, दोहोबाजूंना जुन्या सराफी पेढ्यांसारखी नेटकी घरं. ४९ वं अक्षवृत्त इथून जातं, याची खूणही शहराने रस्त्यात करून ठेवली आहे. थोडं आडबाजूला १८९८ चं सिनेगॉग आहे. बाहेरून साधं, आत शिरल्यावर मात्र छतापासून खांबांपर्यंत निळी, लाल, सोनेरी नक्षी. जागा शेकडोंची, प्रार्थनेला माणसं मोजकी. प्रेशोवच्या उत्तरेला साबिनोव नावाचं छोटं गाव आहे. यान काडार आणि एल्मार क्लोस यांचा ‘ओब्खोद ना कोर्झे’, म्हणजे ‘मुख्य रस्त्यावरचं दुकान’, हा १९६५ चा चित्रपट तिथे चित्रित झाला आणि परदेशी चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. बटणांचं दुकान चालवणारी एक बहिरी ज्यू विधवा आणि सरकारने तिच्या दुकानाचा मालक म्हणून नेमलेला एक गरीब सुतार, यांची ती गोष्ट. कथा लिहिली हुमेन्नेच्या लादिस्लाव ग्रोसमान यांनी. युद्धानंतर त्यांनी जिच्याशी लग्न केलं ती म्हणजे पहिल्या गाडीतून गेलेली आणि परत आलेली एडिथ. चित्रपट थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. तरी एक गोष्ट टिपण्याजोगी. जगाने या मुलखाची आठवण ठेवली ती एका वृद्धेच्या आणि एका अपराधी पुरुषाच्या रूपाने. कथाकाराच्याच घरात राहणाऱ्या, सतराव्या वर्षी गेलेल्या मुलीची कथा स्वतःच्या आवाजात पडद्यावर यायला आणखी अर्धं शतक लागलं. तोवर ती नव्वदीला टेकली होती. २०२० मध्ये टोरांटोत तिचा मृत्यू झाला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वाजवी आहे. पाऊणशे वर्षांनंतरची आठवण कितपत विश्वासार्ह? मधल्या काळात वाचलेलं, ऐकलेलं, इतर चित्रपटांत पाहिलेलं तिच्यात मिसळलेलं असणार. उत्तर पोप्राडला मिळतं. गाडी पोप्राडला पोहोचते तेव्हा उजव्या हाताला तात्रा पर्वत एकदम उभा राहतो. सह्याद्री जसा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातो तसं इथे नाही. सपाट बटाट्याच्या शेतांतून अडीच हजार मीटरची दगडी भिंत सरळ वर जाते, मार्चमध्ये पांढरीशुभ्र. सहलीला येणाऱ्यांचं हे आवडतं गाव. ज्या लष्करी बराकीत मुलींना काही दिवस कोंडलं तिथे आता शाळा भरते. स्टेशनावर त्या पहिल्या गाडीची पाटी आहे. निघण्यापूर्वी मुलींची टंकलिखित यादी झाली: नाव, जन्मवर्ष, गाव. आउश्वित्झच्या दप्तरात त्या दिवशी ९९९ स्त्रियांची नोंद आहे. पण मूळ यादीतल्या क्रमांकांच्या चुका दुरुस्त केल्या की नावं ९९७ भरतात. म्हणजे जो कागद पक्का समजायचा तोच मोजणीत चुकलेला. आठवण चुकते हे खरं, पण दप्तरही चुकतं. फरक एवढाच, की बाई चुकली तर आपण तिला उलट प्रश्न विचारतो आणि कागदाला विचारत नाही. मॅकॅडम यांच्या कामाचं मोल मला इथे वाटतं: यादी आणि आठवण समोरासमोर बसवून दोन्ही तपासल्या आहेत. यादीतल्या बहुतेक आडनावांच्या शेवटी ‘ओव्हा’ आहे. स्लोव्हाक रीतीप्रमाणे बाईच्या आडनावाला जोडायचा प्रत्यय. मराठी बाईच्या नावामागे आधी वडील, मग नवरा चालत येतो, तसंच. या यादीतल्या मुली सगळ्या अजून वडिलांच्या नावावर होत्या.

वडिलांच्या नावावर असलेली मुलगी घरातून निघते, आई शिदोरी देते, गाव बघत उभं राहतं. मराठीत याला आपण पाठवणी म्हणतो. शब्द जवळचा आहे म्हणूनच जपून वापरायला हवा, पण एका ठिकाणी तो नेमका लागू पडतो: या पाठवणीत पैशाचा व्यवहार होता. नेलेल्या प्रत्येक ज्यू माणसामागे स्लोव्हाक सरकारने जर्मनीला ५०० राइशमार्क द्यायचं कबूल केलं. रक्कम ज्यूंच्याच जप्त मालमत्तेतून उभी राहणार होती. हुंडा बापाला नागवून घेतला जातो हे आपल्याला ठाऊक आहे. इथे बापाला आधी नागवलं आणि मग त्याच्या पैशाने त्याची मुलगी दिली. ज्यूंना देशाबाहेर काढायला परवानगी देणारा घटनात्मक कायदा संसदेत मंजूर झाला तो १५ मे रोजी, म्हणजे पहिली गाडी जाऊन सात आठवडे झाल्यावर. त्याच्या बाजूने मत न देणारा खासदार एकच निघाला, यानोश एस्तरहाझी. हे सगळं जर्मन फाटकाच्या अलीकडचं, स्वदेशी, स्वतःच्या शिक्क्याचं आहे. माहितीपट जेव्हा थेट काटेरी तारांपासून सुरू होतो तेव्हा हा भाग झाकला जातो आणि प्रेक्षकाला वाटतं, की बाहेरून कुणी राक्षस आले होते.

पोप्राडहून पश्चिमेला निघालं की दहा मिनिटांत स्वित येतं. हे गाव बाटाने १९३० च्या दशकात वसवलं: सरळ रस्ते, विटांची एकसारखी कामगारघरं, मध्ये कारखाना. तोच बाटा, जो आपल्याला जूनमध्ये शाळेच्या बुटांसाठी आठवतो आणि ज्याचं दुसरं गाव हुगळीकाठी बाटानगर नावाने वसलं. मुलींना जी थाप मारली गेली ती बुटांच्या कारखान्याची होती. त्या कंपनीचा या थापेशी काही संबंध नव्हता. पण बुटांचे कारखाने, त्यांच्याभोवती नव्याने उठलेली स्वच्छ गावं आणि पगारावर काम करणाऱ्या मुली ही या मुलखात डोळ्यांसमोरची गोष्ट होती. म्हणून थाप पचली, असं मला वाटतं. खोटं नेहमी ओळखीच्या खऱ्याला चिकटून येतं. त्या रात्री बंद डबे या स्टेशनावरून पुढे सरकले, आणि आतल्या मुलींच्या पायांत घरून घातलेले चांगले बूट होते.

पुढे लिप्तोव, मग वाह नदीची खिंड, मग झिलिना. दरीतल्या खानावळींत हलुश्की मिळतात: किसलेल्या बटाट्याचे छोटे गोळे, वर पातळ केलेलं मेंढीचं चीज आणि डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. मेंढपाळांच्या मुलखाचं, धनगरी जेवणासारखंच रोखठोक अन्न. आपल्या जिभेला तिखटाची उणीव भासते, पोटाला नाही. झिलिनाहून उत्तरेला चाद्त्सा, तिथून सरहद्द. या पट्ट्याला दुसरीही एक आठवण आहे. एप्रिल १९४४ मध्ये रुडॉल्फ व्र्बा आणि आल्फ्रेड वेत्झलर आउश्वित्झमधून पळाले, उलट दिशेने पायी चालत इथे पोहोचले आणि झिलिनात त्यांनी छावणीचा अहवाल सांगून लिहवला. त्यांच्यावर पुस्तकं झाली, कथापट झाला, दरवर्षी लोक त्या वाटेने पदयात्रा काढतात. ते योग्यच आहे. पण दोन्ही आठवणींचं माप शेजारी ठेवलं की कळतं, आपल्या स्मृतीला सुटकेची, धाडसाची, सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट हवी असते. तीन वर्षं रोज हजेरीला उभं राहणं, बहिणीला आधार देणं, भाकरीचा तुकडा वाटून खाणं याला कथानक नाही. मुली विसरल्या गेल्या त्या पुरावा नव्हता म्हणून नव्हे. त्यांची गोष्ट आपल्या सवयीच्या साच्यात बसेना म्हणून.

दुसरा आक्षेप इथे घ्यावा. साठ लाखांतून हजार तरुण मुली वेगळ्या काढायच्या, हे दुःखाची वर्गवारी करणं नाही का? म्हातारे, पुरुष, तान्ही मुलं यांचं मरण कमी होतं का? मुळीच नाही. पण वर्गवारी आधी मारणाऱ्यांनी केली होती. आधी कामाच्या वयाच्या मुली आणि मुलगे नेले. मग मागे राहिलेल्यांना पोसायचं कुणी, हा प्रश्न स्लोव्हाक सरकारनेच पुढे केला आणि कुटुंबंही घेऊन जा असं जर्मनांना सांगितलं. एप्रिलपासून आईबापांच्या, लेकरांच्या गाड्या सुटू लागल्या. ऑक्टोबर १९४२ पर्यंत सुमारे ५८,००० माणसं गेली. परतले ते काही शे. मुलीची रिकामी जागा हेच आईबापांना नेण्याचं कारण ठरलं. मुलींची गोष्ट वेगळी सांगितली तरच हा क्रम उलगडतो.

सरहद्दीपलीकडे पोलंडच्या टेकड्या उतरत गाडी ओश्वेंचिमला येते. आउश्वित्झ हे याच गावाचं जर्मन नाव. सोवा नदी, छोटा चौक, पाववाले, शाळेतून सुटलेली पोरं. माणसं इथे राहतात, बाजारहाट करतात, आणि परदेशी पाहुण्याला याचंच नवल वाटतं. चौकात बसून आंबवलेल्या राईचं आंबूस सूप प्यावं, तर ताकाच्या कढीची आठवण होते आणि लगेच अवघडल्यासारखंही होतं. त्या अवघडण्याला मी फार मान देणार नाही. साधं जगणं आणि छावणी एकमेकांपासून लांब होती, हा समज जेवढा लवकर मोडेल तेवढं बरं. २६ मार्च १९४२ ला मुली इथे उतरल्या त्याच दिवशी राव्हेन्सब्रुकहून ९९९ जर्मन कैदी बायका आणून त्यांच्यावर मुकादम नेमल्या गेल्या. मुलींचे कपडे, बूट काढून घेतले. अंगावर मेलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांचे गणवेश, पायांत लाकडी खडावा. डोकी भादरली. मराठी समाजाला केशवपन माहीत आहे. बाईचे केस उतरवणं म्हणजे तिला जिवंतपणी माणसांतून उठवणं, हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. आता याचं चित्र कुठे आहे? नाही. त्या दिवसाचं चित्रीकरण नाही. गाडीतून उतरणाऱ्या ज्यूंचे जे फोटो जगभर छापले जातात, ते १९४४ च्या उन्हाळ्यात आलेल्या हंगेरीकडच्या लोकांचे. लिली याकोब या अठरा वर्षांच्या मुलीला त्या फोटोंचा अल्बम युद्ध संपताना दुसऱ्या छावणीत सापडला. १९४२ ची गोष्ट सांगताना १९४४ चे फोटो लावणं सोयीचं असतं, पण ती दुसऱ्यांची लेक आपली म्हणून दाखवण्यासारखी गोष्ट आहे. चित्र नसेल तर माहितीपटाकडे उरतं काय? यादी, जागा आणि बोलणारा चेहरा. मला हे थोडकं वाटत नाही.

बोलणाऱ्या चेहऱ्यावर शेवटचा आणि सगळ्यांत अवघड आक्षेप आहे. बोलतात त्या वाचलेल्या. आणि वाचलेल्यांपैकी कित्येकींना आडोशाचं काम मिळालं होतं. ज्या मेल्या त्यांची साक्ष कोण देणार? छावणीतून वाचलेले लेखक प्रीमो लेव्ही यांनीही हेच बजावलं होतं, की पूर्ण साक्षीदार ते, जे परतले नाहीत. आउश्वित्झचाच भाग असलेल्या बिर्केनाउमध्ये लुटलेल्या सामानाची छाननी जिथे चाले त्या जागेला कैदी ‘कॅनडा’ म्हणत. पहिल्याच गाडीतून आलेली हेलेना सित्रोनोव्हा तिथे होती, आणि फ्रान्झ वुन्श हा एसएस शिपाई तिच्या प्रेमात पडला. माया सारफाती यांचा २०२० चा ‘लव्ह इट वॉज नॉट’ हा माहितीपट या दोघांवर आहे. वुन्शने छावणीत काढलेल्या हेलेनाच्या फोटोतून तिचा चेहरा कातरून इतर चित्रांवर चिकटवला होता: जणू ती कुठेतरी मोकळ्या जगात उभी आहे. सारफाती तीच कातरकामाची रीत उचलतात आणि पडद्यावर कागदी माणसांचे थर मांडतात. प्रेक्षकाला कात्रीची धार दिसत राहते. वुन्शच्या मदतीने हेलेनाची बहीण वाचली, बहिणीची मुलं वाचली नाहीत. १९७२ मध्ये व्हिएन्नात त्याच्यावर खटला चालला, हेलेनाने साक्ष दिली, तो निर्दोष सुटला. याला प्रेमकथा म्हणावं का, हा प्रश्न चित्रपट सोडवत नाही, आणि तोच त्याचा प्रामाणिकपणा. वाचलेल्या बाईची साक्ष अपुरी असते. ती अपुरी आहे हे कापलेल्या कडांसकट दाखवता येतं. एडिथची बहीण लेआ पहिल्या वर्षातच गेली. तिला कुठलाच माहितीपट बोलतं करू शकत नाही. तिला ओळखणारी एडिथच तिच्याविषयी बोलू शकते, आणि ती बोलते तेव्हा आधी दोघींचं घर सांगते.

‘शोआ’ या माहितीपटाचे दिग्दर्शक क्लोद लान्झमान यांनी सत्तरच्या दशकात चित्रित केलेल्या चार स्त्रियांच्या मुलाखती ‘द फोर सिस्टर्स’ म्हणून लोकांपुढे आल्या, तेव्हा लान्झमान यांचं स्वतःचं आयुष्य संपत आलं होतं. ‘शोआ’च्या नऊ तासांतही त्या बायकांना जेमतेम जागा मिळाली होती. साक्ष होती, फिल्म होती, ऐकायला वेळ काढला गेला नव्हता. म्हणून या वाटेचा प्रवासी म्हणून माझं सांगणं इतकंच, की बाई घराबद्दल बोलू लागली की चित्रफीत पुढे ढकलू नये. ओश्वेंचिमला दरवर्षी लाखो लोक येतात, हुमेन्नेला त्यातले फार थोडे जातात. मुलींच्या यादीत प्रत्येक नावापुढे गाव लिहिलेलं आहे. ती गावं आजही नकाशावर आहेत. तिथे पिरोही उकडतात, पाहुण्याला दाराशी सपाता मिळतात, अनोळखी माणसालाही नमस्कार होतो. हे सगळं दवंडी फिरली त्या दिवशीही होतं.